न पाहिलेली उतरण

"पेन्सिल, झोपलात की काय? डावीकडं बघा."

कानावरच्या यंत्रातून कप्तानाचा आवाज आला आणि पेन्सिल दचकला. तो झोपला नव्हता. कप्तान प्रत्येक उड्डाणात निदान दोनदा तरी हे विचारायचा, त्याचा तो नेहमीचा विनोद होता. पेन्सिलला मात्र हा विनोद कधी हसण्यावारी नेता आला नाही.

"जागा आहे," तो म्हणाला. "बारा झाडं. तांबडी. ओढ्याच्या वळणावर."

मांडीवरच्या नकाशावर त्यानं वाटाण्याएवढं कडं काढलं, शेजारी बारीक अक्षरात 'भुंगेरा १२' लिहिलं आणि लगेच मान वर केली. मान खाली घालायची ती दोन-तीन सेकंद. तेवढ्यात एखादी टेकडी मागं पडते आणि मागं पडलेली टेकडी परत येत नाही.

सव्वीस वर्षं तो हेच काम करत होता. दर ऑगस्टमध्ये चार माणसांचं लहान विमान जंगलावरून नांगराच्या तासांसारखं इकडून तिकडं, तिकडून इकडं जायचं. डाव्या खिडकीशी एक माणूस, उजव्या खिडकीशी एक. आजारी झाडं वरून रंगानं कळतात. साल पोखरणारा भुंगेरा लागला की पाइनचं झाड तांबडं पडतं, मुळांना बुरशी लागली की पिवळं, आणि पानं खाणारी अळी आली की शेंडा जळल्यासारखा दिसतो. जे दिसेल ते काढायचं, जिथं काही आजार नाही तिथं काही काढायचं नाही. कोरी जागा म्हणजे निरोगी रान. नकाशा खाली गेला की माणसं त्या कड्यांच्या मागानं चालत जातात, आजारी झाडं पाडतात, साल काढून जाळतात, म्हणजे आतला भुंगेरा वसंतात उडून शेजारच्या झाडांवर बसत नाही. त्याच्या कानावर कायम एक पिवळी पेन्सिल खोचलेली असायची, म्हणून त्याचं नाव पेन्सिल पडलं. बायकोसुद्धा रागात असली की त्याच नावानं हाक मारायची.

उजव्या खिडकीशी या वर्षी कीटकबाई होत्या. वीस वर्षं प्रयोगशाळेत भिंगाखाली भुंगेरे पाहिलेली, दोन मुलांची आई. विमानात बसायचं हे त्यांचं पहिलंच वर्ष. सकाळी चढताना त्या म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं भुंगेरा टेबलावर असतो. आणि टेबल हलत नाही." चौथ्या फेरीत डोंगराच्या कडेनं वारा उसळला, तशा त्या कागदी पिशवीत तोंड घालून बसल्या. पेन्सिलनं मागं वळून पाहिलं आणि पुन्हा आपल्या खिडकीकडं तोंड केलं. ज्यानं त्यानं आपली बाजू बघायची हा नियमच होता.

दुपारी विमान उतरलं. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची खोली होती, तिथल्या लांब टेबलावर दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरायचे आणि ताडून बघायचे. कीटकबाईंचा चेहरा अजून खडूसारखा पांढरा होता. त्यांनी आपल्या नकाशावर बोट ठेवलं.

"या रेघेपासून या रेघेपर्यंत मी काही बघितलेलं नाही. पिशवी बघत होते. तिरप्या रेघा मारून 'पाहिलं नाही' लिहायचं ना?"

"कशाला लिहिताय बाई?" कप्तान पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता म्हणाला. "तीन-चार मिनिटांचं तर रान. गेल्या वर्षी स्वच्छच होतं तिथं. लिहिलंत तर मला परत उडवतील उद्या, रविवारचा."

"उडवू देत. मी बघितलंच नाही, तर चांगलं आहे म्हणून कशी सांगू?"

"आणि परत ओकलात तर?"

"तर परत लिहीन. पिशव्या भरपूर आहेत तुमच्याकडं."

कप्तान हसला. कीटकबाईंनी टोकयंत्र मागून घेतलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि शाळेतल्या मुलीसारख्या नेटक्या तिरप्या रेघा मारून शेजारी लिहिलं, 'पाहिलं नाही'. खाली सही केली, वेळ टाकली. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल.

पेन्सिल त्या दोन शब्दांकडं बघत उभा राहिला. इतकं सोपं होतं तर.

"काय हो, चुकलं का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही. बरोबर आहे," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे."

अकरा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांचा अनुभव गाठीशी असताना पेन्सिलला विमानात उलटी झाली. शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "काय राव, नव्या नवरीसारखं करताय." ते त्याला इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. उलटी थांबवणारी ती गोळी डोळ्यांवर झापड आणते, म्हणून एकच घ्यायची हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. नव्या माणसांना ते तोच सांगायचा.

जाग आली तेव्हा हनुवटी छातीला टेकली होती आणि पेन्सिल पायाशी पडली होती. घड्याळात बघितलं, सात मिनिटं गेली होती. मोठ्या खडकाची उतरण मागं पडली होती. त्यानं वळून पाहिलं, तर लांबून सगळं हिरवंच दिसलं. ती उतरण दर वर्षी हिरवीच असायची. कप्तानाला मागं फिरवायला सांगावं असं मनात आलं, पण मग का ते सांगावं लागलं असतं, आणि शेजारी ते साहेब होते. त्यानं पेन्सिल उचलली आणि पुढचं रान बघायला लागला. खोटं असं त्यानं काहीच काढलं नाही. त्यानं काहीच काढलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये मोठ्या खडकाची उतरण माथ्यापासून ओढ्यापर्यंत तांबडी झाली. सहा हजार झाडं.

त्या उतरणीचा राखणदार होता पेन्सिलचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेल्यावर बहिणीला त्यानंच वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. पेन्सिलही त्याला दादाच म्हणायचा. चौकशीला मोठ्या टेबलावर आधीच्या वर्षीचा नकाशा मांडला होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ऑगस्टमध्ये वरून बघितलं तेव्हा उतरण स्वच्छ होती. मग भुंगेरा आला कुठून?" तेव्हा दादा स्वतःच उभा राहिला आणि म्हणाला, ओढ्याकाठच्या म्हातारीचा गोठा पडला होता, तो बांधायला तिला मी पाडलेले बारा ओंडके ठेवू दिले. वसंतापर्यंत. साल काढून घ्यायला पाहिजे होती, मी घेतली नाही. त्यानं सांगितलं नसतं तर ते कुणाला कळलंही नसतं. सालीसकट ओंडके हिवाळाभर पडले की त्यांत भुंगेरा घर करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं प्रश्न मिटला.

पेन्सिललाही त्या खोलीत बोलावलं होतं.

"नकाशा तुमचाच ना?"

"माझाच."

"मोठ्या खडकाची उतरण कोरी आहे ना?"

"कोरी आहे."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यानंतर दादाला राखणीवरून काढलं आणि रोपवाटिकेच्या फाटकावर बसवलं.

चौकशीच्या आठ दिवस आधी पेन्सिल एकटाच ती उतरण चढून गेला होता. मोठ्या खडकाच्या मागं त्याला चौदा झाडं दिसली. ती तांबडी नव्हती, करडी होती. सुया गळून गेलेल्या, साल सुटून बुंध्याशी पडलेली. तांबडी झाडं त्या वर्षी मेलेली होती, ही चौदा त्याच्या आदल्या वर्षीच मेली होती. सात मिनिटांच्या त्या ऑगस्टमध्ये ती लालभडक उभी असणार, वरून बघणाऱ्याला न दिसणं शक्य नव्हतं. ओढ्याकाठचे ओंडके तिथून तासाभराच्या उतारावर होते आणि तेव्हा ते पाडलेही नव्हते. चौकशीपर्यंत कटाईवाल्यांनी ती चौदा झाडं सगळ्यांत आधी पाडून टाकली, कारण ती वाळलेली, हलकी होती. आता ते फक्त पेन्सिलला माहीत होतं.

आज, कीटकबाई आणि कप्तान गेल्यावर, तो नकाशांच्या कपाटाकडं गेला. कपाट सांभाळणाऱ्या बाई डबा धूत होत्या. "काय शोधताय एवढं जुनं?" त्यांनी विचारलं. "एक दुरुस्ती राहिलीय," तो म्हणाला. अकरा वर्षांपूर्वीची गुंडाळी काढून त्यानं शर्टाच्या आत घातली. नकाशा बाहेर न्यायला परवानगी नव्हती. सव्वीस वर्षांत त्यानं मोडलेला हा दुसरा नियम.

घरी बायको उद्यासाठी पिशवी भरत होती. महिन्याच्या एका रविवारी दोघं दादाकडं जायची.

"दादाचा फोन आला होता," ती म्हणाली. "मंगळवारी परत बोलावलंय त्याला. नव्या राखणदारांच्या शिकवणीला."

"हं."

"दर वर्षी आपलं सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, माझ्या हातनं रान गेलं, तुम्ही असं करू नका. त्याला कुणी जबरदस्ती करत नाही, हा आपणहून जातो. वहिनी म्हणते, आदल्या दिवसापासून जेवत नाही." तिनं पिशवीची चेन ओढली, ती मध्येच अडकली. "त्याचा स्वभावच तसा. कुणाला नाही म्हणता येत नाही. त्या म्हातारीला तेव्हा नाही म्हणाला असता, तर आज हे झालं असतं का?"

दहा वर्षं या वाक्यावर पेन्सिल मान हलवत आला होता. आज त्यानं मान हलवली नाही. चेन सोडवून दिली आणि हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते.

रविवारी दादा अंगणात होता. सगळ्या अंगणभर लाकडाचा वास होता. रोपवाटिकेतल्या मोडक्या फांद्या, विकत आणलेलं सरपण, शेजाऱ्यांनी दिलेलं वाळकं खोड, काही असो, चौकशीनंतर या घरात येणारं प्रत्येक लाकूड दादा आधी सोलायचा. मांडीवर ओंडका घ्यायचा, दोन्ही टोकांना मुठी असलेली सुरी आपल्याकडं ओढायची, की सालीचा लांब पट्टा निघून यायचा. साली एका डब्यात जाळायच्या. भिंतीला लावून रचलेलं सरपण हाडांसारखं पांढरं दिसायचं. शेजारची मुलं त्याला लांबून विचारायची, "आजोबा, चुलीला साल टोचते का?" आणि तो म्हणायचा, "हो रे, नाजूक आहे आमची चूल."

"या जावईबापू," दादा म्हणाला. "बसा. आज फळी पुसून ठेवलीय, राळ लागणार नाही पाठीला. मागच्या वेळी तुमची विजार गेली, मला घरात दोघींनी झाडलं."

बायको आणि वहिनी आत गेल्या. पेन्सिल फळीवर बसला. गुंडाळी शर्टात टोचत होती.

"दादा, काहीतरी सांगायचंय."

"सांगा की."

"सुरी खाली ठेवा जरा."

दादानं त्याच्याकडं बघितलं. "ही दादागिरी झाली," तो म्हणाला, पण सुरी खाली ठेवली.

पेन्सिलनं नकाशा काढला आणि दोघांच्या मधल्या फळीवर पसरला. कडा वर वळत होत्या म्हणून सालीचे दोन तुकडे ठेवले, मग ते काय आहे हे लक्षात येऊन उचलले आणि आपले हात ठेवले. त्यानं वाटभर खूप शब्द जुळवले होते. त्यातला एकही आला नाही.

"हा त्या वर्षीचा. ही मोठ्या खडकाची उतरण. कोरी. मी तेव्हा झोपलो होतो. गोळ्या दोन घेतल्या होत्या. सात मिनिटं."

दादानं मान वाकवून नकाशाकडं बघितलं.

"खडकाच्या मागं चौदा झाडं होती. नंतर बघितली मी. ती ओंडक्यांच्या आधीच मेली होती. तिथनं सुरू झालं ते. ओढ्याकाठनं नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. दादानं हात विजारीला पुसले, दोनदा पुसले, आणि मग बोट नकाशावर ठेवलं. ते चुकीच्या टेकडीवर पडलं. पेन्सिलनं ते धरून ओढ्याच्या रेघेवरून वर नेलं आणि खडकावर टेकवलं.

"इतकीशीच?" दादा म्हणाला. "चढायला तर दीड तास लागतो."

"वरून इतकीच."

"खालून खडक आडवा येतो. मागचं काही दिसत नाही." तो स्वतःशीच बोलावं तसं बोलत होता. "त्या वर्षी मीही वर गेलो नव्हतो. गुडघा धरला होता. म्हटलं, विमान बघेल."

पेन्सिलला वाटलं होतं की तो चिडेल, निदान उठून आत जाईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे म्हातारीची लाकडं नव्हती ती," दादा म्हणाला.

"नव्हती."

"मी बोललो होतो तिला. तिच्या दारात उभा राहून. तुझ्या गोठ्यापायी रान खाल्लंस, म्हणालो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. घेतला नाही मी. नंतर वस्तीवरची माणसंही बोलायला लागली. मग ती गेली मुलीकडं." त्यानं बोट अजून खडकावरून उचललं नव्हतं. "तिथंच वारली, चार वर्षं झाली. तिला आता कोण सांगणार?"

मनावरचं उतरवून ठेवायचं एवढंच धरून पेन्सिल आला होता. उतरवलेलं कुणाच्या अंगावर पडेल याचा विचार त्यानं केला नव्हता.

"दादा, मला माहीत होतं. चौकशीच्या दिवशीही माहीत होतं. तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी तिसऱ्या खुर्चीवर होतो."

"बघितलं होतं मी तुम्हाला. मला वाटलं, माझ्यामुळं तुमची मान खाली गेली." दादानं खडकावरचं बोट उचललं. मग त्यानं विचारलं, "झोप लागली तर काय लिहायचं असतं नकाशावर?"

"तिरप्या रेघा मारायच्या. आणि 'पाहिलं नाही' लिहायचं."

"मग लिहा."

"जुन्या नकाशावर लिहिलं तर..."

"लिहा."

पेन्सिलनं कानावरची पेन्सिल काढली. सव्वीस वर्षं त्यानं हलत्या विमानात सरळ रेघा काढल्या होत्या, इथं फळी स्थिर होती. रेघा वाकड्या आल्या. त्यानं 'पाहिलं नाही' लिहिलं, सही केली, खाली आजची तारीख टाकली. दादा अक्षर अक्षर बघत होता.

"सात मिनिटं, तेही लिहा."

त्यानं लिहिलं.

"उद्या हा देतो वरती," पेन्सिल म्हणाला. "आणि मंगळवारी शिकवणीला मी येतो. मीच सांगतो."

"साडेदहाला सुरू होतं," दादा म्हणाला. "उशीर करू नका. नवी पोरं वेळेवर येतात."

बायको कपबशा घेऊन दारात आली. दोघांचे चेहरे बघून थबकली. "काय चाललंय तुमचं?"

पेन्सिलनं तोंड उघडलं, पण दादा आधी बोलला.

"काही नाही गं. जावईबापू नकाशा दुरुस्त करतायत. ठेव तिथं, घेतो आम्ही."

ती कप ठेवून आत गेली. दादानं अर्धवट राहिलेला ओंडका पुन्हा मांडीवर घेतला, सुरी उचलली आणि ओढली. एक पट्टा निघाला. दुसऱ्यासाठी त्यानं सुरी टेकवली आणि तशीच धरून ठेवली. बराच वेळ. मग ती फळीवर ठेवून दिली, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि भिंतीपाशी गेला.

पांढऱ्या सरपणाच्या रांगेवर त्यानं तो ओंडका ठेवला. अर्धा सोललेला, अर्धा सालीसकट.